पाचवी गाडी

कुशल नगरकर सहलीचा बेत आखायचा तो प्लांटचं शटडाऊन आखावं तसा. रास लफानच्या एका गॅस प्रकल्पात तो अकरा वर्षं सेफ्टी बघत होता. काय काय बिघडू शकतं याची यादी करणं हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीला पाच कुटुंबांनी मिळून कतारमधली राखीव वाळवंटं गाडीने बघायची ठरली, तेव्हा सगळी जबाबदारी आपसूक त्याच्या गळ्यात पडली.

अल वकरातल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पंधरा दिवस नकाशा पसरलेला होता. शुक्रवारी सकाळी दक्षिणेला खोर अल उदैद, जिथे समुद्र वाळूच्या आत शिरतो. तिथून तिरकं वायव्येला, झिक्रीत ओलांडून रास ब्रूकच्या राखीव भागालगत मुक्काम. शनिवारी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला अल रीम, झुबाराचा किल्ला, संध्याकाळी घरी. माणशी पाणी किती, टायरमधली हवा कुठे कमी करायची आणि कुठे भरायची, मोबाईलची रेंज कुठे जाते, सगळं कागदावर होतं. पाच गाड्या एकामागे एक जाणार होत्या. सगळ्यांत मागे कुशलची, म्हणजे पुढे कोणी अडकलं तर दिसेल.

"बाबा, विल वी सी ॲन ओरिक्स?" नऊ वर्षांची अनुष्का रोज विचारायची.

"दिसेल की, पांढरं हरिण. शिंगं एवढी लांब."

"इन्शाल्ला म्हण," वल्लरी स्वयंपाकघरातून हसायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि नवऱ्याची ही यादीबाजी तिला अजून गमतीची वाटत होती.

मुक्कामाची जागा कुशलने उपग्रहाच्या चित्रावरून निवडली होती, पण स्वतः बघितल्याशिवाय त्याचं समाधान होईना. म्हणून आदल्या शुक्रवारी तो जालिंदरला घेऊन निघाला. जालिंदर जतकडचा. बायकामुलं गावी आणि हा सोळा वर्षं सर्व्हेवाल्यांची पिकअप वाळवंटात चालवत होता. वाळूवरचं त्याला सगळं वाचता येतं, असं प्लांटमध्ये बोललं जायचं.

झिक्रीतनंतर डांबर संपलं. पुढे खडूसारखी पांढरी जमीन आणि वाऱ्याने खालून कुरतडलेले चुनखडीचे सुळके, मान बारीक आणि डोकं जड. राखीव भागाचं कुंपण डाव्या हाताला ठेवून ते तासभर रांगत गेले. मग ती खोलगट जागा आली. तीन बाजूंना सुळके, चौथ्या बाजूला उथळ, हिरवट खाडी. जालिंदरने इंजिन बंद केलं. वारा सोडला तर कसलाही आवाज नव्हता. खाऱ्या चिखलाचा वास येत होता.

"आपल्या आधी कुनीतरी येऊन गेलंय," जालिंदर म्हणाला.

चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. कुशलला जरा वाईट वाटलं, इतकंच. चांगली जागा दुसऱ्यालाही सापडणारच. जालिंदर उकिडवा बसला आणि एका चाकोरीच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं.

"ह्ये आजचं हाय, सायब. कड मोडली न्हाई अजून. ह्या वाऱ्यात तासाभरात बुजायला पायजे."

"पण वाटेत आपल्याला कोणी भेटलं नाही."

"न्हाई भेटलं."

कुशल चाकोऱ्यांच्या बाजूने चालत गेला. खुणांवरून कळत होतं, गाड्या अर्धवर्तुळात लावलेल्या होत्या, तोंडं खाडीकडे. त्याने खिशातला कागद काढला. त्यावर त्याने स्वतः पेन्सिलने पाच चौकोन काढले होते, अर्धवर्तुळात, तोंडं खाडीकडे. दोन गाड्यांमध्ये सहा पावलं अंतर, असं शेजारी लिहिलं होतं. त्याने पावलं टाकली. सहा.

पुढच्या दोन गाड्यांमध्ये टाकली. सहा.

जालिंदर तोवर सगळ्या जागेला वळसा घालून आला होता. त्याने बोटांवर पुन्हा एकदा मोजून पाहिलं.

"पाच आत आल्यात," तो शेवटी म्हणाला. "भाईर चारच पडल्यात."

"आणि पाचवी?"

जालिंदरने हात केला. उजव्या टोकाला, जिथे कागदावर कुशलचा चौकोन होता, तिथे चाकोऱ्या आत येऊन थांबल्या होत्या. गाडी बराच वेळ उभी असावी तसे चार चाकांचे खळगे पडले होते. भोवती पावलं होती, एक मोठी जोडी, एक मध्यम, एक लहान. मागे वळल्याची खूण नव्हती, पुढे गेल्याचीही नव्हती. खळग्यांमध्ये गाडी नव्हती.

एका खळग्याजवळ दगडाखाली काहीतरी फडफडत होतं. कुशलने ते उचललं. प्लास्टिक चढवलेलं पांढरं कार्ड. त्यावर जाड निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं, गाडी ५.

'ड'ला शेपटीपाशी एक बारीकशी गाठ होती. अशी गाठ वल्लरी मारते. दुधाच्या हिशेबात, अनुष्काच्या वह्यांवर, सगळीकडे.

"काय घावलं?"

"काही नाही. कचरा आहे." त्याने कार्ड खिशात सरकवलं.

"निघू आपन," जालिंदर म्हणाला. डांबरावर चढल्यावर आरशाकडे बघत एवढंच बोलला, "त्या दिवशी मला बलवू नगा, सायब. आन तुमीबी नगा जाऊ."

कुशल घरी पोचला तेव्हा वल्लरी दिवाणखान्यात जमिनीवर बसली होती. पुढ्यात पांढऱ्या कार्डांची चवड आणि निळा स्केचपेन.

"अरे, लवकर आलास! तुला दाखवायचं नव्हतं आत्ताच. गाड्यांना नंबर लावू या म्हटलं, हायवेवर एकमेकांना ओळखता येतील. लॅमिनेशन रविवारी ऑफिसात करून आणते."

चार कार्डं लिहून झाली होती. ती पाचवं लिहीत होती. कुशल दारातच उभा राहिला. 'ड' खाली आला, वळला, शेपटीला गाठ पडली. खिशातल्या कार्डाची धार त्याच्या बोटांना लागत होती. ते बाहेर काढून तिच्या समोर ठेवावं असं त्याला वाटलं. त्याने नाही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सहल रद्द झाल्याचं ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत श्रेयसचा फोन आला. श्रेयस त्याच्याच प्लांटमधला, पुण्याचा, हसतमुख माणूस. त्याला चिडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"कारण काय? हवा?"

"नाही."

"परवानगी? रस्ता?"

"रस्ता ठीक आहे. जागा बरोबर नाही."

"म्हणजे काय? कुशल, तू दर गोष्टीला सात कारणं देणारा माणूस आहेस. मला एक दे."

कुशलचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

"बरं, तुझी तब्येत बरी नसेल तर तुम्ही नका येऊ," श्रेयस समजुतीने म्हणाला. "आम्ही चौघं जातो. तू प्लॅन इतका पक्का केलायस की डोळे मिटून जाता येईल."

चौघं. कुशलने फोन ठेवला आणि बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. चार बाहेर पडल्या होत्या, तेव्हा त्यांना धोका नाही. हा विचार मनात आला याची त्याला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

अनुष्का रडली. "बट यू प्रॉमिस्ड, बाबा." ती खोलीत गेल्यावर वल्लरी समोर येऊन बसली.

"मला खरं सांग. एकदाच विचारते."

"तिथून आपण तिघं परत आलेलो मला दिसत नाही," तो म्हणाला.

वल्लरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग उठून पाचवं कार्ड घेतलं, त्याचे चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. रात्री तिला नकळत त्याने खिशातल्या कार्डाचेही कात्रीने तसेच तुकडे केले. नंतर तो विषय दोघांनीही काढला नाही.

शुक्रवार उजाडला. गाडीची किल्ली कुशलने सकाळीच खिशात घातली. दोनदा तो तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊन आला. गाडी जागेवर होती, बॉनेट गार होतं. वल्लरीने वरणभात केला. पडदे ओढले, एसी लावला आणि जेवून तिघंही झोपली. कधी नव्हे अशी गाढ झोप लागली. कुशलला जाग आली ती घशाला कोरड पडल्यामुळे. बाहेर उजेड होता. दुपार टळली असेल असं त्याला वाटलं, पण घड्याळात शनिवारची सकाळ होती. वल्लरी नि अनुष्का अजून झोपेतच होत्या.

इतक्या दिवसांचा ताण, दुसरं काय, असं त्याने स्वतःला सांगितलं. एसीच्या गारठ्यात, पडद्याआडच्या अंधारातच पूर्ण बाह्यांचा सदरा चढवून तो चहा करायला गेला. खाली जाऊन गाडी बघून आला. दोघींना त्याने दोनदा हाक मारली, पण नुसतं हूं करून त्या कूस बदलायच्या, म्हणून त्याने त्यांना झोपू दिलं. गाडी होती. दुपार होत आली तसं त्याचं मन हलकं व्हायला लागलं. आणखी काही तास, मग खलास.

चार वाजता फोन आला. श्रेयसची बायको, मोनाली.

"भाऊजी, अहो आहात कुठे?"

"घरी."

"घरी? आधी येणार नाही म्हणून आलात, आणि आता परस्पर गेलात होय! सांगायचं तरी. आम्ही दोन तास झुबाराच्या किल्ल्यापाशी ताटकळलोय. श्रेयस तुम्हाला शोधायला मागे निघाला होता."

कुशलने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"अनुष्का बरी आहे ना? काल तिने काही खाल्लंच नाही. आणि वल्लरीचं काय बिनसलंय? गाडीतून उतरायला तयार नव्हती."

"मोनाली," तो हळू म्हणाला, "आम्ही आलोच नव्हतो."

ती हसली. मग हसायची थांबली.

"असं काय करता, भाऊजी? सकाळी निघताना तुम्हीच नाही का म्हणालात, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो मागून. काच खाली करून हात हलवत होतात. आम्ही वळणावर जाईपर्यंत हलवत होतात."

आतल्या खोलीत अनुष्का झोपेत काहीतरी पुटपुटली. वल्लरी अजून उठली नव्हती.

कुशलने फोन बंद केला. डावा हात सकाळपासून चुरचुरत होता. त्याने बाही वर सरकवली.

मनगटापासून कोपरापर्यंत हात उन्हाने लालबुंद भाजला होता. घड्याळाखाली तेवढी एक गोरी पट्टी राहिली होती.