श्वास रोखून वाजवलेलं

ही घटना खरी आहे. पटो न पटो, ज्याच्यासोबत घडली तो देवव्रत आजही मुलुंडला राहतो.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे चार.

देवव्रत हौशी पियानोवादकांच्या एका ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन. स्वतःच्या कानांवर भारी विश्वास! महिन्याभरापूर्वी बोरिवलीच्या शुभा राजवाडेंनी तिथे आपलं रेकॉर्डिंग टाकलं होतं. इतकं सुरेख, की याच्या पोटात दुखलं.

"माणूस वाजवतो तेव्हा श्वास ऐकू येतो," त्याने सगळ्यांसमोर लिहिलं. "इथे श्वासच नाही. ढापलेलं आहे."

"मला दमा आहे हो," बाईंनी उत्तर दिलं. "घरघर रेकॉर्ड होते, म्हणून श्वास रोखून वाजवते."

देवव्रतने हसणारा इमोजी टाकला आणि त्यांना ग्रुपमधून काढलं.

पंधरा दिवसांत बाई गेल्या. दम्याचाच झटका.

तर त्या रविवारी तो घरी एकटाच होता. आपलं वादन रेकॉर्ड करून ऐकायला बसला...

सुरांमागे घरघर होती.

त्याने पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. पुन्हा वाजवलं.

घरघर... आणखी जवळ.

बायको आल्या आल्या त्याने हेडफोन पुढे केला. "रेवती, ऐक ना हे."

"कोण बाई बसलीय रे तुझ्या शेजारी?"

त्याची पाचावर धारण बसली. आपलाच श्वास असेल, अशी मनाची समजूत घालून त्याने एकदा श्वास रोखून वाजवलं आणि ते रेकॉर्डिंग लावलं.

या वेळी घरघर नव्हती. हुश्श!

शेवटचा सूर विरला... आणि कानाशी कुजबुज आली.

"आता तू रोख."

त्याच आठवड्यात त्याने पियानो विकला. ग्रुपवर जाहीर माफी मागितली. काही उपयोग झाला नाही.

आता आसपास कुणीही फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, की देवव्रतचा श्वास बंद होतो. ते थांबेपर्यंत. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत.

परवा त्याच्या मुलीचा, गार्गीचा वाढदिवस होता. केक कापताना एका पाहुण्याने व्हिडिओ सुरू केला.

"बंद कर! आधी तो फोन बंद कर!" रेवती किंचाळली. सगळ्यांना गंमत वाटली. देवव्रत निळा पडेपर्यंत.

वाचला, नशीब.

तो व्हिडिओ रेवतीने एकदाच लावला. टाळ्या, गाणं, पोरांच्या हसण्याचा आवाज...

आणि सगळ्यांत जवळून, एक बाई श्वास घेत होती. मोकळा. सावकाश. छाती भरून.