कान्हूचं राहिलेलं औषध

चुलीतलं लाकूड जरा पुढं सारा, आणि ऐका. हे माझ्या चुलतभावाच्या, वासूच्या बाबतीत घडलंय. त्याला भाऊ म्हणायची लाज वाटते, पण घडलंय खरं.

वासू रामनगरकडच्या एका दवाखान्यात रातपाळीचा कंपाउंडर. दवाखान्याचं नाव विचारू नका. गेल्या वर्षी, मार्गशीर्ष वद्य नवमीला, तो डॉक्टरांसाठी चहा आणायला नाक्यावर गेला होता. परत येऊन बघतो तर अणशीकडच्या कान्हूला आणून खाटेवर टाकलेलं. गव्यानं मांडी फोडलेली, हाड बाहेर. बीपी इतकं उतरलेलं की नेहमीचं दुखण्याचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर धजेनात.

"केटामीन देऊ, अगदी थोडं," ते म्हणाले. "झोपवायचं नाही, नुसती कळ खाली आणायची. सलाइनमध्ये घाल, पंधरा मिनिटं सावकाश जाऊ दे."

वासूनं सलाइन लावली आणि मान खाली घालून उभा राहिला. कुपीत औषध नव्हतंच, पाणी होतं! हा बेशरम महिनाभर सुईनं औषध काढून खोकल्याच्या बाटलीत साठवत होता आणि घरी स्वतःला टोचून घेत होता. तरंगल्यागत वाटतं म्हणे. थू! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, हा जित्याच्या टाळूवरचं खात होता.

पंधरा मिनिटं झाली. कान्हू ओरडतच होता.

"दादा, कळ जाईना रं... आजून घाल की!"

बाटली वासूच्या खिशातच होती. काढली तर चोरी उघडी पडणार. म्हणून त्यानं काढली नाही. बेळगावला न्यायची गाडी यायच्या आत कान्हू गेला, ओठ चावून चावून, तोंडभर रक्तानं.

त्यानंतर बारा दिवसांनी, मंगळवारी. रात्रीचे पावणेदोन. वासू एकटाच, खाटा रिकाम्या. आधी सडक्या मांसाचा वास आला. मग खिडकीकडच्या खाटेवरनं कण्हणं.

"दादा... माझं ऱ्हायलंय."

वासू जागचा हलला नाही.

"घाल की..."

खाटेवर कोणी नव्हतं. चादर मात्र ताणलेली, कुणी मुठीत धरल्यासारखी.

वासूनं सलाइन टांगली. खिशातलं औषध त्यात घातलं. नळीचं टोक गादीवर सोडलं.

थेंब... थेंब...

पाच मिनिटं.

दहा. कण्हणं बारीक झालं.

पंधरा...

गप्प.

काय म्हणालास, अनिकेत? नशेत असंल? व्हय, मीही तेच म्हणालो असतो. त्याच्या तोंडचा शब्द मी कशाला खरा धरू? आजही मी त्याच्या पंक्तीला बसत नाही, घास घशाखाली उतरत नाही. पण सकाळी पाळीवर आली ती सुप्रिया सिस्टर, आपल्या मनीषाची जाऊ. ती खोटं बोलायची नाही. तिनं पाहिलं, अख्खी सलाइन रिकामी, नळीचं टोक गादीवर. तिनं चादर चाचपली. गादी उलटी केली. खाली फरशीवर हात फिरवला.

सगळं कोरडं ठणठणीत.