अर्धा साचा

पाऊस भुरभुरत होता म्हणून मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लेटी टॅकेट काउंटरवर कोपर टेकून तलावाकडे बघत बसली होती. तेवढ्यात दार ढकलून एक उंच तरुण आत आला. टोपीवरून पाणी गळत होतं. काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं, लेटीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. मग खाली वाकून बूट पुसल्यासारखं केलं. उठला तेव्हा त्याच्या बोटांत मासे धरायचं एक तुटकं रबरी गांडूळ होतं.

“हे... असलं मिळेल का? अगदी ह्याच रंगाचं?”

लेटीने ते उजेडात धरलं. तपकिरी रंग, आत जांभळी झाक, आणि शेपटीजवळ एक बारीक उंचवटा. तो उंचवटा तिने अंधारातही ओळखला असता. वडिलांनी प्लास्टरचा साचा बनवला होता, आणि त्याचा तिथला टवका लहानपणी तिनेच उडवला होता. म्हणजे हे गांडूळ तिने स्वतःच्या हाताने ओतलेलं होतं. तसल्याच गांडुळांची भरलेली पिशवी तिच्या पाठीमागे खुंटीला टांगलेली होती.

“अवघड रंग आहे,” लेटी म्हणाली. “पण करून बघते. शनिवारी या.”

का म्हणाली, असं विचाराल तर त्याचे डोळे एकदा तुम्हीही बघायला हवे होते.

त्याचं नाव वेंडेल प्रूइट. तलावापलीकडचे विजेचे जुने मनोरे बदलायला आलेल्या टोळीत तो लाइनमन होता. केंटकीतल्या त्या डोंगराळ भागात बाहेरचा माणूस लगेच ओळखू येतो, आणि हा तर बोलण्यातच टेक्ससचा. शनिवारी तो आला. लेटीने त्याच्या हातात जी गांडुळं ठेवली, ती तिने मुद्दाम जरा काळपट केली होती. रंग एकदा बरोबर जमला की गिऱ्हाईक पिशवी घेतं आणि जातं, एवढं तिला कळत होतं.

वेंडेलने ती बराच वेळ बघितली. “सुंदर आहेत. पण... अजून थोडं जांभळं?”

“पुढच्या शनिवारी,” लेटी म्हणाली. जीव भांड्यात पडला तो बाहेर दिसू नये म्हणून तिने उगाच काउंटर पुसला.

पुढच्या शनिवारी तिने जांभळा रंग जास्त घातला. त्याच्या पुढच्या शनिवारी हिरवा. मग एकदा तो म्हणाला, “बनवताना बघू का? म्हणजे मला नीट सांगता येईल,” आणि दुकानामागच्या शेडमध्ये जुन्या खोक्यावर येऊन बसला. लेटीने दुधासारखं पांढरं, पातळ प्लास्टिक काचेच्या भांड्यात घालून जुनाट मायक्रोवेव्हमध्ये तापवलं. ते पारदर्शक आणि दाट झालं. तिने रंगाचे थेंब टाकले, माशांना ओढणारं बडीशेपेचं तेल घातलं आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश ढवळलं. मग साच्याचे दोन्ही भाग चापाने आवळून वरच्या भोकातून ओतायला लागली.

“हात नका लावू, पोळेल.”

“थंड व्हायला किती वेळ लागतो?”

“गांडुळाला की तुम्हाला?”

वेंडेल कानापर्यंत लाल झाला. साचा उघडल्यावर तिने एकेक गांडूळ त्याच्या तळहातावर ठेवलं. “सरळ ठेवा. गरम असताना वाकडं पडलं तर जन्मभर वाकडंच राहतं.”

“माझी आजी माझ्याबद्दल हेच म्हणायची.”

लेटी हसली. तिची बोटं त्याच्या तळहातावर गरजेपेक्षा जरा जास्त वेळ राहिली... आणि त्यानेही हात मागे घेतला नाही.

वडील, रॉइस टॅकेट, दारात उभे राहून बोलोनीचं सँडविच खात होते. वेंडेल गेल्यावर म्हणाले, “त्या पोराचा अंगठा बघितलास?”

“अंगठा कशाला बघू, डॅडी?”

“बास मासा धरणाऱ्याचा अंगठा त्याच्या दातांनी खरवडलेला असतो. माझा बघ. ह्याचा नाही.”

“तो हातमोजे घालत असेल.”

“हो, बाई. आणि मी बॅले करतो.”

लेटीने लक्ष दिलं नाही. तिला दुसरीच चिंता होती. वेंडेल येतो तो रंगासाठी येतो. ज्या दिवशी रंग जमेल त्या दिवशी तो थँक यू म्हणेल, टोपीला हात लावेल आणि संपलं. मासेमारीचं वेड असलेल्या पुरुषांमध्येच ती वाढली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर बाई उभी असते आणि ते मनात पाण्याची खोली मोजत असतात. हा त्यातला नाही असं समजायला तिच्याकडे काय होतं? एक लाल झालेला कान.

तरी आठवडाभर ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची. पलीकडच्या मनोऱ्यांवर माणसं पाखरांएवढी दिसायची. त्यातला कुठला तो, हे शोधायची. एकदा एकाने हात हलवला. लेटीनेही हलवला, आणि मग तो दुसराच कुणी असेल ह्या शरमेने दिवसभर कुणाशी धड बोलली नाही. रात्री केसांना बडीशेपेचा वास यायचा आणि तिला शनिवार आठवायचा.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा वेंडेल एका शुक्रवारीच आला. काउंटरपाशी टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“लुइझियानात वादळ झालंय. सगळे खांब आडवे. आमची टोळी उद्या दुपारी निघते.”

“परत कधी?”

“इथलं काम दुसऱ्यांना देतायत.”

लेटीला बरंच काही बोलायचं होतं. “सकाळी या,” एवढंच म्हणाली. “रंग घेऊन जा.”

सकाळी शेडमध्ये तिने खोटेपणा सोडला. साच्यात तोच रंग ओतला, तपकिरी, आत जांभळी झाक, जसाच्या तसा. निदान जाताना माणसाला हवं ते द्यावं. तिने एक त्याच्या हातावर ठेवलं.

वेंडेलने ते धड बघितलंही नाही. तो तिच्याकडेच बघत होता. “अजून... अजून नीट नाही जमलं, मिस लेटी.”

रंग तर जसाच्या तसा होता; लेटीने ते गांडूळ पुन्हा उजेडात धरलं. मग म्हणाली, “आधीची सगळी आणा बघू. शेजारी ठेवून बघू.”

“राहू दे ना.”

“आणा.”

तो ट्रकमधून डबा घेऊन आला, स्क्रू ठेवायचा, पारदर्शक कडक प्लास्टिकचा. आणताना वेंडेल चोरासारखा दिसत होता. लेटीने झाकण ओढलं, ते निघेना. मऊ प्लास्टिक तसला डबा खातं, हे तलावावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळाभरची सगळी गांडुळं अर्धवट वितळून तळाला चिकटली होती, आणि एकमेकांचे रंग एकमेकांत उतरून सगळीच एका रंगाची झाली होती. एकाही गांडुळाला गळाचं भोक नव्हतं.

“वेंडेल,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही आयुष्यात कधी मासा धरलाय?”

“दुकानातून. तळलेला.” त्याने मान खाली घातली. “त्या दिवशी मी फक्त रस्ता विचारायला आलो होतो. तुला बघितलं आणि... रस्ता विचारला असता तर तू सांगितला असतास आणि मला जावं लागलं असतं. ते तुटकं बुटाला चिकटलेलं होतं.”

कधी नव्हे ते ‘तू’ म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

लेटी उठली, दुकानात गेली आणि खुंटीवरची पिशवी आणून त्याच्या मांडीवर टाकली. “शेपटीजवळ हात लावून बघ.”

त्याला उंचवटा लागला. त्याने पिशवीवरची धूळ बघितली. “ही कधीची?”

“तू आलास त्याच्या आधीची. तुझ्या बुटाला होतं ते ह्यातलंच.”

वेंडेलने पिशवी डब्याशेजारी ठेवली. मग दोघांनाही एकदम हसू आलं, आणि हसता हसता लेटीच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण बाहेर कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवत होतं.

“सगळा उन्हाळा, लेटी,” तो म्हणाला. “आपण गाढवं आहोत.”

“मला तू हवा होतास. रंग गेला खड्ड्यात.” हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

त्याने तिचा हात धरला आणि ओठांशी नेला. हॉर्न पुन्हा वाजला. तेव्हा लेटीने साच्याचा चाप सोडला, टवका उडालेला अर्धा भाग जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

“हा घेऊन मी काय करू?”

“जपून ठेव. उरलेल्या अर्ध्याने मला एकही ओतता येणार नाही. मार्चमध्ये बास काठाला येतो आणि सगळा तलाव माझ्या दारात उभा राहतो. गिऱ्हाइकांना काय सांगू?”

वेंडेलने ते गाठोडं छातीशी धरलं. “सांग, साचा येतोय.”

दुपारी रॉइसने शेडमध्ये डोकावून विचारलं, “दुसरा भाग कुठंय?”

“लुइझियानाला गेलाय, डॅडी.”

त्यांनी सुटा पडलेला चाप बघितला. “साचा माझा होता.”

“माहीत आहे.”

“मग त्याला तो आणून द्यावाच लागेल,” असं म्हणून त्यांनी उरलेला अर्धा भाग उचलला, फुंकर मारून पुसला आणि फळीवर नीट ठेवला.

पुढच्या शनिवारी ओतायला काही नव्हतं. तरी लेटी शेडमध्ये गेली, खिडकी उघडली, बडीशेपेच्या तेलाच्या बाटलीचं बूच काढलं आणि त्या खोक्यावर बसून राहिली.