मालक: भोसेकर

चंद्रवाडीत उतरलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग भूतकाळ. उड्डाणाच्या धक्क्यात आठवणी विस्कटतात, म्हणून त्या पृथ्वीवरच उतरवून फाइलींत भरतात. डोक्यात भाषा आणि स्वतःचं नाव तेवढं ठेवतात. इथे पोचलं की ज्याचं त्याला परत.

कुमुद बारटक्केंना पाणी मिळालं. भूतकाळ दत्ताराम भोसेकरांना मिळाला.

"पडदा बघा ना, काकू," स्मृतितज्ज्ञ डॉ. वैशंपायन म्हणाले. कुमुदताईंच्या एकूण एक फाइलीपुढे दिसत होतं, 'मालक: भोसेकर'. "पृथ्वीवरची यंत्रणा फाइलीवर मालकाचं नाव नाही, नुसता क्रमांक लिहिते. दाखवायच्या वेळी त्या क्रमांकाचं नाव जिथल्या तिथल्या यादीत शोधतात. तिकडे बाराशे चार म्हणजे तुम्ही. इकडे बाराशे चार म्हणजे हे."

हे म्हणजे हवेच्या नळांचे फिटर भोसेकर. शेजारच्या खुर्चीत अवघडून बसले होते.

"म्हणजे खोली नंबर बघून पत्र टाकलंत, इमारत न बघता."

"अगदी! पण चूक कुणाचीच नाही. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी बरोबर आहेत."

"त्या असतातच. माझं मला काढून द्या."

"मेंदूत मुरलेलं निघत नाही हो. प्रत मिळेल, पण नियमाने फक्त मालकाला. तुमची नोंद भोसेकर नावाने केली की झालं. नावच तर बदलायचंय! पूर्वी बायका हसत बदलायच्या." डॉक्टरांनी काचेची पाटी पुढे केली. तिच्यावर नवं नाव तयारच होतं. "अंगठा ठेवा. आई, वडील, सगळे परत."

कुमुदताईंनी आईला डोक्यात शोधून पाहिलं. चेहरा नाही, आवाज नाही. अंगठा पाटीपर्यंत गेला आणि थांबला.

"नाही."

"अहो, हट्ट कशासाठी? काही आठवतंय तरी का?"

"काही नाही. तरी नाही." तळहाताच्या एका फटकाऱ्यात त्यांनी पाटीवरचं नाव पुसलं.

भोसेकर ताडकन उठले. "अस्संच! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी अस्सेच तांदूळ सपाट केले. सासरे पानावरून उठले. आणि आई..." ते कुमुदताईंकडे वळले. "आई हसू दाबत होती."

"कशी?"

भोसेकरांनी ओठ मुडपले, मान किंचित वाकडी केली, नसलेला पदर तोंडाशी नेला.

"पुन्हा करा," कुमुदताई टक लावून म्हणाल्या. "आणि डॉक्टर, हे मी आत्ता, माझ्या डोळ्यांनी बघतेय. या आठवणीपुढे 'मालक: बारटक्के' लिहा."

तेव्हापासून कुमुदताईंच्या आईला मिशा आहेत.