जप्त केलेली शिट्टी

टोबिन ग्रेडीने जोरात शिट्टी फुंकली आणि जिममधली सगळी मुलं एका क्षणात टेबलांखाली गेली.

"ती शिट्टी इकडे दे."

आवाज चढलेला नव्हता, पण नाही म्हणायची सोयही नव्हती. टोबिनने वळून पाहिलं. आखूड केसांची, गुडघ्यावर खडूचा डाग असलेली एक तरुणी हात पुढे करून उभी होती. ही मारित लुंडे. लहानपणीच्या आघातांचा मुलांच्या वाढीवर काय परिणाम होतो, याचा ती विद्यापीठात अभ्यास करत होती, आणि असे आघात सोसलेल्या मुलांच्या या केंद्रात कामही. टोबिन विशेष मुलांना खेळ शिकवण्याची वर्षभराची पदवी घ्यायला त्याच आठवड्यात विस्कॉन्सिनला आला होता. आधी बास्केटबॉलचा प्रशिक्षक, त्यामुळे शिट्टी फुंकणं हाडीमासी खिळलेलं.

"मी फक्त रांग लावत होतो..."

"यांच्या घरी मोठा आवाज झाला, की पुढे काय व्हायचं ते यांना माहीत आहे. तुला नाही. दे."

शिट्टी तिच्या कोटाच्या खिशात गेली.

"परत कधी मिळेल?"

"वागणूक बघून," मारित म्हणाली. हसली मात्र नाही.

मग तिने त्याला तिथली पद्धत शिकवली. मुलाजवळ जायचं नाही. लांब जमिनीवर बसायचं, चेंडू हळूच त्याच्याकडे सोडायचा — एकदाच — आणि थांबायचं.

"आणि परत नाही आला तर?"

"तरी थांबायचं. पुन्हा पुन्हा सोडला की ती मागणी होते. या मुलांकडे आजवर सगळ्यांनी मागितलंच आहे."

सहा फुटांचा तो गडी हिवाळाभर मांडी घालून बसला. बाहेर नदी गोठली, आत त्याचे पाय आखडले. एक दिवस भिंतीला चिकटून बसणाऱ्या मुलीने चेंडू पायाने परत ढकलला. टोबिन ओरडला नाही. ओठ घट्ट मिटून त्याने फक्त मारितकडे पाहिलं, आणि त्याचे कान लालबुंद झाले. मारितच्या छातीत धडधडलं. जिने चढून आल्यामुळे असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. जिम तळमजल्यावर होतं, ही गोष्ट वेगळी.

शुक्रवारी सगळे नदीकाठी तळलेले मासे खायला जात. टोबिन न चुकता तिच्या समोरची खुर्ची पकडायचा आणि आपल्या ताटातला राय धान्याचा काळपट पाव तिच्या ताटात सरकवायचा.

"मला नाही आवडत हा," तो एकदा म्हणाला.

"मग गेल्या शुक्रवारी माझ्या ताटातला का खाल्लास?"

"तो... तुझा होता."

मारितने मान खाली घालून माशावर लिंबू पिळलं. गरजेपेक्षा बरंच जास्त.

एप्रिलमधल्या अशाच एका शुक्रवारी, बाकीचे उठून गेल्यावर, त्याने विचारलं, "इथल्या शाळेत जागा आहे. मॉन्टानातही आहे. तिथे पगार जास्त आणि आई-वडील जवळ. कुठली घेऊ, मारित?"

"करिअर तुझं आहे. तुला योग्य वाटेल ते कर," ती म्हणाली. पालकांच्या बैठकीत वापरायचा तोच आवाज, गुळगुळीत, कोमट.

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

ती वाट बघत राहिली. अजून एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. मारित दुसऱ्यांच्या घरांत वाढली होती, आज या घरी, उद्या त्या. आठ वर्षांची असताना एका बाईच्या कमरेला मिठी मारून ती म्हणाली होती, "मला ठेवून घ्या." त्या बाईंनी तिची बॅग गाडीत ठेवली होती. त्यानंतर तिने कोणाकडे काही मागितलं नाही. आणि हा बाबा तर एकदा विचारून गप्प! असं कोण करतं? तिलाच उत्तर सुचलं, आणि ती चरकली. तिनेच शिकवलं होतं. शिकवलेलं सगळं अंगाशी आलं होतं.

मे महिन्यात पदव्या मिळाल्या. टोबिनची गाडी सामानाने ठासून भरली होती. बारीक पाऊस भुरभुरत होता. मुलांचा निरोप त्याने आधीच नीट सांगूनसवरून घेतला होता.

"जपून जा," मारितने हात मिळवला.

"हो... येतो."

गाडी फाटकापाशी पोचली. डावीकडे पूल आणि मॉन्टानाकडे जाणारा पश्चिमेचा महामार्ग. डावीकडचा दिवा लुकलुकायला लागला. मारितने हात कोटाच्या खिशात घातले. बोटांना शिट्टी लागली. मुलांची बस गेली आहे, एवढी खात्री तिने केली, आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली.

ब्रेक करकचले. टोबिन पावसात उतरून आला.

"नियम मोडलास."

"मोडला. जाऊ नकोस, टोबिन. मला तू हवा आहेस. इथे..." तिचा आवाज फाटला. "आता तू ठरव."

"अजून कोणालाच होकार दिलेला नाही मी."

"मग हे सामान?"

"खोली सोडावी लागली ना! घरी जाऊन वाट बघणार होतो."

"आणि मी काहीच बोलले नसते तर?"

"तूच सांगितलंयस. तरी थांबायचं."

मारित हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. तो दोन पावलं लांबच उभा होता.

"हात धरू का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. मग तेवढ्याने तिचं समाधान होईना, म्हणून तोंडानेही सांगितलं, "हो."