खळ्यावरचं काम

तो टीव्ही बंद कर रवी, आणि जिन्यातला दिवा राहू दे. वर काकूंचं आवरेपर्यंत एक सांगतो. ऐकीव नाही, माझ्या माहितीतल्या माणसाचं आहे.

हेमचंद्र मूळचा बार्शीचा, धान्याचे लिलाव पुकारणाऱ्या भुसार आडत्याचा मुलगा. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला त्याचं किराण्याचं दुकान. इथल्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. नाटक बसलं की स्टेजवर ते, आणि पडदा ओढायला, सामोसे आणायला हेमचंद्र. हसत करायचा. दुकानदाराला हसावंच लागतं. पोटात काय आहे ते गिऱ्हाइकाला कशाला?

शहाऐंशी साली कोजागिरीच्या कार्यक्रमाला डॉक्टर शैलेंद्रने ग्रीक नाटक मराठीत करायचं काढलं. अगदी त्यांच्या रीतीने: उघड्यावर, दिवसाउजेडी, तोंडावर मुखवटे. जागा दिली एका म्हाताऱ्या अमेरिकन प्रोफेसरने. गावाबाहेर त्याचं शेत, शेतात लाकडी बार्न, म्हणजे धान्याचं कोठार, आणि बार्नच्या दारासमोर गोल, चोपून काढलेली जमीन.

"हे तर खळं," हेमचंद्र म्हणाला.

प्रोफेसर खूश झाला. म्हणाला, आम्हा अभ्यासकांत मानतात की ग्रीकांचं नाटक खळ्यावरच जन्मलं. सुगी झाली की गाव तिथेच फेर धरून देवाची गाणी म्हणायचा. सगळे एका सुरात. एकदा एक जण फेरातून बाजूला झाला आणि त्याने बाकीच्यांना उत्तर दिलं. तो पहिला नट.

हेमचंद्राला ते रुचलं नाही. त्याचा आजा सांगायचा, रात्री खळ्यावर कुणी विचारलं तर उत्तर देऊ नये.

पण राजाचं काम शैलेंद्रने त्यालाच दिलं. "चेहरा झाकलेला, माइक नाही. इथे तुमचा लिलावाचा आवाजच हवा, हेमचंद्र." आयुष्यातलं पहिलं काम. माणूस चालताना जमिनीला टेकेना. आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या पार्किंगमध्ये त्याच्या कानावर आलं. शैलेंद्र कुणाला तरी सांगत होता, "हेमचंद्रला एवढ्यात सांगू नका."

झालं. संशयाला घरात घेतलं की तो पाय पसरतो. याने ठरवूनच टाकलं, माझं काम काढून दुसऱ्याला दिलंय.

गुरुवार, सोळा ऑक्टोबर. दुकान बंद करून तो शेतावर गेला. काम साधं होतं, एक गाडा पोचवायचा. ग्रीक लोक खून प्रेक्षकांसमोर दाखवत नसत. दारामागे किंकाळी, मग दार उघडायचं आणि चाकांच्या गाड्यावरून प्रेत बाहेर यायचं. तो गाडा यानेच बनवला होता. बार्नमध्ये ठेवला, दार ओढून घेतलं. चांदणं पिठासारखं पडलेलं. वाटलं, एकदा म्हणून बघावं. गाडीतून आपला मुखवटा काढून घेतला आणि खळ्यात उभा राहिला.

तोंड उघडणार, तोच दारामागून राजाचं, म्हणजे त्याचंच भाषण सुरू झालं.

"मग आत कुणीतरी होतं ना, काका? देअर मस्ट बी समवन."

त्यालाही तेच वाटलं, रवी. म्हणून तर पुढचं घडलं.

त्याला वाटलं, सापडले लेकाचे. चोरून तालीम चाललीय. दुसरी गाडी मात्र कुठे दिसत नव्हती. ऐकत राहिला. एकेक वाक्य बरोबर. तो स्वतः जिथे रोज अडखळायचा, तिथेही आवाज अडला नाही. मग थांबला, आणि दारामागूनच प्रश्न आला.

"कोण आहे तिकडे?"

आजा आठवला. पण राग मोठा होता.

"मी. हेमचंद्र. हे काम माझं आहे."

...

दार सरकलं. हळूहळू. आत काळोख. त्यातून गाडा बाहेर आला. ढकलणारं कुणी नाही. गाडा रिकामा. थेट त्याच्या पायांपाशी येऊन थांबला.

आतून... काहीच नाही. कुणीतरी वाट बघतंय, एवढंच.

तो पळाला. मुखवटा डिकीत टाकला, कुलूप लावलं, आणि घर येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

शनिवारी तो नाटकाला गेलाच नाही. दुकानाच्या गोडाऊनमध्ये दार लावून बसला, फोन काढून ठेवला. म्हणाला असेल, करू दे ज्याला करायचंय त्याला. बायको कांचन मैत्रिणींबरोबर परस्पर गेली होती. संध्याकाळी हा घरी आला, आणि मागून ती आली ती फुललेली.

"अहो, माझ्या आधी पोचलात? काय काम केलंत. असा आवाज मी या घरात कधी ऐकला नाही."

हा खुर्चीतून उठला.

"आणि शैलेंद्रने पत्ता लागू दिला नाही ना? आठवडाभर सगळ्यांना बजावत होता, हेमचंद्रला सांगू नका."

"काय... सांगू नका?"

"सत्काराचं हो. सगळं मंडळ उभं राहिलं तुमच्यासाठी. मुखवटा काढा, काढा म्हणत होते, तर तुम्ही नाहीच काढलात. शाल खांद्यावर घेतलीत आणि बार्नमध्ये गेलात. कुठे ठेवलीत ती?"

गाडीची किल्ली दिवसभर त्याच्या खिशात होती.

तो खाली गेला. डिकी उघडली. मुखवटा होता तिथेच. शेजारी शाल. कोरी, कुंकवाचं बोट लागलेली, नीट घडी घातलेली.

त्याने हात लावला.

उबदार होती, आत्ताच कुणी अंगावरून काढल्यासारखी.