काळ्या चौदशीचे हुक

गेल्या आठवड्यात आमच्या शापरच्या कारखान्यात लाईट गेली, तेव्हा चौकीदार लवजीकाकांनी गेटवर बसून ही गोष्ट आम्हा पोरांना सांगितली. "माझ्या कानांनी ऐकलंय," म्हणाले. कारखान्यातली म्हातारी माणसं खरं बोलायला लागली की आधी स्वतःचे हात धुऊन घेतात. तरीही ही गोष्ट खोटी नाही. शेवट मी पाहिलाय.

आमच्याकडे विहिरी खणायच्या क्रेनचे हुक घडतात. हुकात चुंबकत्व भरायचं, वर हिरवी पावडर कालवलेलं रॉकेल ओतायचं आणि काळ्या पडद्याआड जांभळ्या दिव्याखाली बघायचं. तडा असला की हिरवी रेघ पेटते. नियम दोनच. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं. आणि उन्हात काळा होणारा चष्मा आत न्यायचा नाही, कारण त्या दिव्याखालीही तो काळाच होतो.

तपासनीस ओधवजीभाई. सगळ्यांचे गुरू. मुलाने कॅनडाहून पाठवलेला नेमका तसलाच चष्मा घालून आत जायचे आणि बसताक्षणीच 'पास' म्हणायचे. मी एकदा बोललो, "काका, काच काळी पडते."

"डिप्लोमा अर्धा टाकून आलेल्याने मला डोळे शिकवू नयेत." सगळे हसले. लवजीकाकाही.

त्यांनी पास केलेला एक हुक तुटून हका विहिरीत गेला. हका पूर्वी आमच्याच हातोड्यावर होता. उजव्या करंगळीशेजारचं अर्धं बोट तिथेच ठेवून गेलेला. मागून येऊन ओधवजींचे डोळे झाकायचा, "बोल, कोण?" ओधवजी ते अर्धं बोट चाचपून ओळखायचे. हकाच्या बेसण्याला, म्हणजे शोकबैठकीला, हेच पहिल्या रांगेत बसून म्हणाले, "देवाची मर्जी." देवाने कधी हुक तपासला होता?

मग आली काळी चौदस, दिवाळीच्या आदली भुताखेतांची रात्र. बायका चौकात वडे टाकून, मागे न बघता घरी गेल्या होत्या. गेटवर ट्रक उभा. माल हका ज्याच्याकडे कामाला होता त्याच ठेकेदाराचा, आणि आता त्याच्या दोरावर हकाचा मुलगा नागजी उतरत होता.

लवजीकाका म्हणाले, "ओधवजी, आज तेवढा चष्मा बाहेर ठेव. पोरगा लटकणार आहे त्यावर."

"तू गेट बघ."

रात्री साडेनऊला ओधवजींमागे पडदा पडला.

बाहेर लवजीकाका ऐकत होते. हुक ठेवल्याचा आवाज. "पास." पुन्हा आवाज. "पास."

"कोण आहे?"

...

"सोड रे. ट्रक थांबलाय." ओधवजी हसले.

...

हसू थांबलं. आतून गाळाचा वास आला. ओल्या गाळाचा.

"हात गार किती तुझे..."

...

"थांब. बोट... बोट बघू दे..."

...

"हका?"

लवजीकाका जागचे हलले नाहीत. हे ते स्वतः सांगतात, जणू शौर्यच. आतलं कण्हणं थांबल्यावरच त्यांनी पडदा ओढला. चष्मा घडी करून टेबलावर. ओधवजी स्टुलावर, डोळे घट्ट मिटलेले. समोर पास झालेले हुक. पाचसहांच्या मानेवर हिरवी रेघ.

ट्रक रिकामा गेला. नागजी आजही जिवंत आहे. ओधवजींनी शेठना सांगितलं, दिवा बिघडला होता. शेठनी मान डोलावली. थोरांचं असंच असतं, एकमेकांचं झाकायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभ पाचमीला कारखाना उघडला. पहिला कुंकवाचा टिळा वडीलधाऱ्याने यंत्राला लावायचा, म्हणून ओधवजींना धरून पडद्याआड आणलं. ते मागे सरत होते. म्हणत होते, सहा दिवस साबणाने घासतोय. आम्हाला कळेना काय घासतायत. चेहरा तर स्वच्छ होता.

मी जांभळा दिवा लावला.

दोन्ही डोळ्यांवर हिरवे ठसे पेटले. मागून झाकल्यासारखे. डावीकडे चार बोटं.

उजवीकडे साडेतीन.